देव, जावई आणि नोकरदार

मागच्या पावसाळ्यात आमच्या साहित्यमंडळाच्या मासिक बैठकीस एक चोवीस वर्षांची मुलगी आली होती. आमच्यातल्याच एका प्राध्यापकांची ती पुतणी. बारावीनंतर तिने गोंदियास विमान चालवण्याचे शिक्षण घेतले आणि आता ती एका प्रवासी विमानकंपनीत सहवैमानिक म्हणून नोकरी करते. सुटीचा दिवस होता, काकांबरोबर कथावाचन ऐकावे एवढ्याच हेतूने ती आली. ओळख करून देण्याचे काम आमच्याकडे होते आणि आम्ही ते नेहमीच्या उत्साहाने बिघडवले. 'आज आपल्यात साक्षात पुष्पक विमानातून अवतरलेली पाहुणी आहे,' असे काहीसे आम्ही बोललो. टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळी ज्यांची कथा वाचायची होती ते लेखक हातात कागद धरून पाऊण तास बसून राहिले.

त्या पाऊण तासातले प्रश्न आम्ही नंतर आठवून लिहून काढले. 'इतक्या लहान मुलीला विमान चालवू देतात?' 'भीती नाही का गं वाटत?' 'पगार किती असतो, म्हणजे साधारण?' 'हल्ली सगळं ऑटोपायलटच करतो ना, मग तुम्ही काय करता?' 'घरच्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली असेल!' शेवटी एका ज्येष्ठ कवींनी विचारले, 'रोज ढगांच्या वर असतेस, कविता सुचत असतील, नाही?' ती म्हणाली, 'काका, ढगात शिरल्यावर बाहेर काहीच दिसत नाही. आतली उपकरणं बघावी लागतात. आणि त्या दिवशीचं चौथं उड्डाण असेल तर मला फक्त झोप सुचते.' सभा हसली. आम्हीही हसलो. ती विनोद करत नव्हती, हे घरी आल्यावर ध्यानात आले.

या प्रश्नांपैकी निम्मे कौतुकाचे होते, निम्मे अविश्वासाचे. वरवर पाहता ही दोन टोके आहेत. आमचे म्हणणे असे की ती एकाच आळसाची दोन रूपे आहेत. समोरचे माणूस नेमके काय काम करते हे पाहण्याचे कष्ट टाळायचे असले की त्याला आकाशात बसवावे, किंवा त्याच्या वयावर बोट ठेवावे. इतरांनी हे केले तर क्षम्य मानू. ज्यांचा व्यवसायच माणूस पाहण्याचा आहे, त्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी, म्हणजे आम्ही आणि सुज्ञ वाचकहो, तुम्हीही, हे करावे याला मात्र क्षमा नाही.

आरंभ शब्दापासून करू. 'वैमानिक' हा शब्द आम्ही सहज वापरतो. जैन परंपरेत देवांचे चार वर्ग सांगितले आहेत: भवनवासी, व्यंतर, ज्योतिष्क आणि वैमानिक. यांत वैमानिक हे सर्वांत वरचे. विसाव्या शतकात यंत्र आले तेव्हा त्याला आम्ही पुराणातले 'विमान' हे नाव दिले आणि ते चालवणाऱ्या पगारी माणसाला देवांच्या एका वर्गाचे. पुष्पकाला तर चालकच नव्हता, ते स्वामीच्या इच्छेने चाले. ज्या भाषेतल्या आद्य विमानाला चालकाची गरजच नाही, त्या भाषेत चालकाचे श्रम दिसावेत तरी कसे? त्या संध्याकाळचे आमचे स्वागतवाक्य म्हणूनच निव्वळ पाचकळ नव्हते, ते खोटे होते. इंग्रजीतून आलेला 'पायलट' त्या मानाने अधिक प्रामाणिक. गोव्यात काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवर मागे बसवून नेणारा पायलटच असतो, आणि रेल्वेच्या इंजिनात बसतो तोही लोको पायलट. त्यांना कोणी कविता सुचतात का म्हणून विचारत नाही.

देवांचे आणखी एक लक्षण आमच्या पुराणांना ठाऊक आहे. ते अनिमिष असतात, त्यांची पापणी लवत नाही. मग वैमानिकाला झोप कशासाठी? हा प्रश्न थट्टेचा वाटेल, पण देशाने तो गंभीरपणे विचारला आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या वेळी उतरण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. हे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते, २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. त्या वर्षीच्या डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या विमानकंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील इतकी माणसे तिने वेळेत उभी केली नव्हती. विमानतळांवर संताप उसळला. प्रवाशांचे हाल खरे होते, आम्ही ते नाकारत नाही. परंतु तोडगा म्हणून रात्रीच्या कामाच्या तरतुदींतून त्या कंपनीला तात्पुरती सूट दिली गेली, तेव्हा 'ज्याच्या हाती आमचा जीव आहे त्याची झोप परत द्या' असे म्हणणारे आवाज कितीसे ऐकू आले? 'रोज आकाशात असतेस, मजा आहे' म्हणणारी जीभ आणि ही सूट निमूट स्वीकारणारी जीभ एकच आहे.

आता वयाकडे वळू. 'इतक्या लहान मुलीला' या उद्गारामागे एक समजूत आहे: विमान पिकल्या केसांच्या हाती सुरक्षित असते. या समजुतीला उत्तर द्यायला टेनेरिफचा अपघात पुरेसा आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या त्या विमानतळावर, धुक्यात, दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. उड्डाणाची परवानगी मिळण्याआधीच विमान दौडवणारा डच कप्तान त्याच्या कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होता, कंपनीच्या जाहिरातीत त्याचे छायाचित्र छापले जाई. मागे बसलेल्या अभियंत्याने शंका विचारली होती, ते दुसरे विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना? कप्तानाने ती ठामपणे उडवून लावली आणि नंतर कक्षात कोणी पुन्हा तोंड उघडले नाही. हाताखालच्या दोघांना आपल्या कामाचे अज्ञान नव्हते. समोर मूर्ती बसली होती आणि मूर्तीला कोणी हटकत नाही.

या आणि अशा अपघातांनंतर विमानक्षेत्राने जे केले ते आमच्या विद्यापीठांना अद्याप साधलेले नाही. कनिष्ठाने ज्येष्ठाला 'तुम्ही चुकत आहात' असे स्पष्ट शब्दांत सांगणे आणि ज्येष्ठाने ते ऐकणे हा शिष्टाचाराचा प्रश्न न ठेवता प्रशिक्षणाचा विषय केला. आज दोघांपैकी एक जण विमान चालवतो, दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो. एक जण यादी वाचतो, दुसरा प्रत्येक ओळीला उत्तर देतो. 'ऑटोपायलट सगळं करतो, मग तुम्ही काय करता' याचे उत्तर हेच आहे: यंत्रावर, एकमेकांवर आणि स्वतःवर पाळत ठेवतात. ढगात कानातले संतुलन दगा देते. विमान कललेले असताना शरीर छातीठोकपणे सांगते की आपण सरळ आहोत. अशा वेळी आपल्या अंतःप्रेरणेवर विश्वास न ठेवण्याचे शिक्षण त्या मुलीने घेतले आहे. ज्या व्यवसायाचा पाया स्वतःच्या भावनेवरील शिस्तबद्ध अविश्वास हा आहे, त्याला आम्ही कवितेची सहज प्रेरणा समजत होतो.

कोणी म्हणेल, मग अनुभवाला किंमतच नाही काय? आहे, आणि तो तिथे मोजला जातो, सुरकुत्यांनी नव्हे, तासांनी. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यास किमान १८ वर्षे वय आणि २०० तासांचे उड्डाण लागते. कप्तान होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो त्यास २१ वर्षे आणि १,५०० तास. त्यापुढे दर काही महिन्यांनी सिम्युलेटरमधली परीक्षा आणि नियमित वैद्यकीय तपासणी निवृत्तीपर्यंत चुकत नाही. एकदा कायम झाल्यावर आपले व्याख्यान कधी कोणी तपासल्याचे कोणत्या प्राध्यापकास आठवते? अर्थात तासांचीही अंधश्रद्धा होऊ शकते. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ विमान पडून ५० जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिक चोवीस वर्षांची होती. तुटपुंज्या पगारावर काम करणारी ती मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. त्यानंतर तिथे सहवैमानिकासही १,५०० तासांची अट घातली गेली. वस्तुतः त्या विमानातल्या दोघांचेही तास त्याहून अधिक होते. विश्रांतीचे नियमही पुढे बदलले, पण लोकांच्या लक्षात राहिला तो तासांचाच आकडा.

साहित्याने या बाबतीत काय केले? सँ-एक्झ्युपेरी १९२६ साली, सव्विसाव्या वर्षी, टपाल वाहून नेणाऱ्या विमानकंपनीत नोकरीस लागला. तो पगारी टपालवाहक होता हे आम्ही विसरतो आणि 'छोटा राजपुत्र' तेवढा लक्षात ठेवतो. त्याची १९३१ ची 'रात्रीचे उड्डाण' ही कादंबरी मोठी आहे, यात वाद नाही. परंतु तिच्यात वादळी रात्रीत माणसे धाडणारा अधिकारी जितक्या भव्यतेने उभा राहतो, तितका त्या रात्रीत हरवलेला वैमानिक माणूस म्हणून उरत नाही. पुढे १९५७ मध्ये रोलाँ बार्थने 'मिथॉलॉजीज'मध्ये जेट विमानाच्या चालकावर टिपण लिहिले आणि समाज त्याला माणसांतून उचलून वेगळ्याच जातीत कसा नेऊन बसवतो ते दाखवले. बार्थ आमच्या अभ्यासक्रमात आहे. दरवर्षी त्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो आणि उत्तरे उत्तम येतात. मग तीच मंडळी सभागृहात बसून समोरच्या मुलीचे मिथक बनवतात. मराठीपुरते बोलायचे तर मास्तर, कारकून, भोंगा वाजला की निघणारा गिरणी कामगार यांना आमच्या वाङ्मयात घर मिळाले; नारायण सुर्व्यांनी कामगाराला कवितेत नावाने उभे केले. पहाटे अडीचला उठून गणवेश चढवणारी, श्वासचाचणी देणारी, पाळी करणारी ही कामगार मात्र आम्हाला कामगार वाटत नाही, कारण तिचा पगार बरा आहे आणि तिचे यंत्र उंच आहे.

पगाराबद्दलही दोन शब्द. त्या प्रश्नामागे जावई किंवा सून शोधणारी नजर असते. शिक्षणाचा खर्च सुमारे अर्धा कोटी, तो बहुधा कर्जाने किंवा घर गहाण ठेवून. आणि नोकरीची हमी कोणाचीच नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, आणि २०२० मध्ये महामारीने उरलेल्यांनाही घरी बसवले. त्या काळात हीच स्थळे कोणी विचारली नव्हती. मुलगी असेल तर आश्चर्य दुप्पट होते. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये, २१ व्या वर्षी परवाना मिळवला. १९८५ मध्ये कोलकाता–सिलचर उड्डाणात कप्तान सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन या होत्या, संपूर्ण चमू स्त्रियांचा होता. जानेवारी १९९० मध्ये भसीन यांनी २६ व्या वर्षी कप्तान म्हणून मुंबईहून तेव्हाच्या औरंगाबादेस जेट विमान नेले. आज भारतात स्त्री वैमानिकांचे प्रमाण जागतिक सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. नव्वद वर्षे एकाच गोष्टीचे आश्चर्य करणे याला आश्चर्य म्हणत नाहीत, त्याला न शिकणे म्हणतात.

देव करण्याची किंमत देव पडल्यावर कळते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत विमान कोसळून २६० माणसे गेली. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालाने कोणालाही दोषी ठरवले नव्हते. ते काम वाहिन्यांनी आणि दिवाणखान्यांनी केले. स्वतःची बाजू मांडू न शकणाऱ्या दोन मृत माणसांच्या मनात त्या क्षणी काय होते, हे चहा पिता पिता सांगणारे लोक आम्ही पाहिले. त्यांतले काही उत्तम वाचक होते, निवेदकावर किती विश्वास ठेवावा यावर त्यांचे निबंध आहेत. कालचा वैमानिक एका रात्रीत राक्षस झाला. मधला टप्पा, म्हणजे माणूस, कोणालाच सापडला नाही.

'विस्मय हा साहित्याचा प्राण आहे, तुम्ही त्यावरच बंदी घालता,' असा आक्षेप येईल. बंदी मुळीच नाही, विस्मयाने पत्ता बदलावा एवढेच मागणे आहे. चोवीस वर्षांची मुलगी तीस वर्षांच्या अनुभवी कप्तानास 'सर, वेग कमी होतोय' असे न अडखळता सांगते आणि तो ते मान्य करतो, हे आमच्या समाजात पुष्पक विमानापेक्षा अधिक विस्मयकारक आहे. त्यावर कथा लिहा.

नलोपाख्यान आपण सारे शिकलो, शिकवले. स्वयंवरमंडपात दमयंतीपुढे पाच नल उभे असतात, त्यांतले चार देव. ती देवांना ओळखते ते त्यांची पापणी लवत नाही, अंगाला घाम नाही, माळ कोमेजत नाही, पाय भुईला टेकत नाहीत यावरून. आणि ज्याला घाम येतो, ज्याच्या माळेवर धूळ आहे, ज्याची पापणी मिटते, त्याच्या गळ्यात ती माळ घालते. या प्रसंगावर आम्ही वर्षानुवर्षे शृंगार आणि अलंकार यांची टिपणे काढत आलो. ती मुलगी पुन्हा बैठकीस आली तर तिला प्रश्न आम्हीच पहिला विचारू: झोप झाली का? आणि मग त्या लेखकांना त्यांची राहिलेली कथा वाचू देऊ, कारण ती ऐकायलाच आली होती.