आमच्या रिह्याची नदी

आमचे लहानपण मुळशी तालुक्यातल्या रिहे गावी गेले. डोंगर, भातखाचरे आणि नदी एवढेच आमचे जग. पुढे वडिलांना खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काम लागले आणि आम्ही बोपोडीला आलो. आजही गावाविषयी जिव्हाळ्याने बोललो की तरुण कार्यकर्ते आम्हांला अडवतात. "बाबासाहेबांनी खेडे सोडायला सांगितले आणि तुम्ही खेड्याचे गोडवे गाता?" प्रश्न रास्त आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेब खेड्याविषयी किती कठोर बोलले, हे आपण सारे जाणतो. त्यांचे म्हणणे आम्हांला पूर्ण मान्य आहे. तरीही नदी आठवते. का आठवते, ते सांगतो.

मृगाचा पाऊस पडून ओढे वाहू लागले की चढणीचे मासे येत. वडील आणि चुलते कंदील घेऊन रात्री निघत. कधी मासे मिळत, कधी नुसते मुठे. आई त्या मुठ्यांचे कालवण करी आणि नाचणीच्या भाकरीबरोबर सारे घर जेवे. आवणीच्या दिवसांत बाया डोक्यावर इरली घेऊन दिवसभर चिखलात वाकलेल्या असत. पीक निसवले की आंबेमोहोराचा वास साऱ्या शिवारात सुटे. तो भात आमच्या ताटात मात्र सणालाच पडे.

उन्हाळ्यात एक दिवस वाकळा धुण्याचा असे. साऱ्या वस्तीतल्या बाया नदीवर जमत. वाकळा खडकावर वाळत पडल्या की त्या जांभळीखाली बसत, भाकरी सोडत, हसत, एकमेकींच्या डोक्याला तेल लावत. आमच्या आईला भरदिवसा निवांत बसलेली आम्ही पाहिली ती फक्त त्याच दिवशी.

पण नुसत्या गोड आठवणी सांगणे हे अर्धेच सांगणे झाले. त्या काळी बहुतेक गावांत आपल्या वस्तीचा पाणवठा प्रवाहाच्या खालच्या अंगाला असे. वर गुरे धुतली जात आणि खाली आपल्या मायबहिणी पिण्याचे पाणी भरत. आजी तिच्या माहेरची गोष्ट सांगे. तिथे उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झरा उकरायचा आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. विहीर जवळ होती, पण ती आपल्याला बंद होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब का गेले, हे आम्हांला आजीच्या त्या वाटीवरून कळले.

म्हणून तरुणांना आमचे उत्तर असे. आपण गावगाडा सोडला, तो सोडायलाच हवा होता. पण त्या नदीकाठी आपल्या माणसांनी कष्ट केले, मासे धरले, गाणी म्हटली, लेकरे वाढवली. ते सारे आपले आहे. ते टाकून दिले तर आईच्या त्या एका निवांत दिवसाचीही आठवण कोणी ठेवणार नाही.

आणि नदी तरी कुठे सुटली? रिहे खोऱ्याचे पाणी मुळेलाच मिळते. मुळशी धरणात अडवलेले पाणी १९२७ पासून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघराकडे वळवले जाते. जे खाली येते ते हिंजवडी, औंध करीत बोपोडी-दापोडीच्या मधून हॅरिस पुलाखाली वाहते. आपली मुले पुलावरून जाताना नाक धरतात आणि तिला नाला म्हणतात. ती आजी-पणजीच्या गावाहून येते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एकदा गावी न्या. पाण्यात पाय सोडून बसवा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, ती पाणी कुठून आणायची, आणि तिचे बोलणे वहीत उतरवून घ्या. आता नदीकाठी फार्महाऊसची कुंपणे पडत आहेत. तुमच्या वस्तीची नदीकडे जाणारी जुनी वाट त्यात गेली असेल, तर गप्प परतू नका. ग्रामसभेत उभे राहून विचारा. पाण्यापर्यंत पोचण्यासाठी आपली माणसे फार चालली आहेत.