काही घडत नाही, हा आरोप खोटा आहे

हिरोमी कावाकामी यांच्या ‘सेन्सेई नो काबान’ या जपानी कादंबरीचा विषय निघाला की तीन आक्षेप ठरलेले असतात. एक, तिच्यात काही घडत नाही. दोन, तिच्यातले प्रेम प्रेमासारखे दिसत नाही. तीन, आपल्या नगरच्या नागापूर एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या माणसाला असले निवांत वाचन परवडत नाही. मला हे तिन्ही आक्षेप अमान्य आहेत.

पहिला आक्षेप घेऊ. चाळिशीकडे झुकलेल्या, एकट्या राहणाऱ्या त्सुकिकोला एका छोट्या बारमध्ये शाळेतले जुने शिक्षक भेटतात. वयात तीसेक वर्षांचे अंतर. दोघे शेजारी बसतात, पण आपापले मागवतात आणि आपापले पैसे देतात. पुढे एका बेसबॉल संघावरून त्यांचे बिनसते आणि अबोला सुरू होतो. परक्या माणसावर कोणी रुसत नाही. त्या अबोल्यातच दोघे किती जवळ आले आहेत हे त्यांना आणि वाचकाला कळते. याला घटना म्हणायचे नाही, तर घटना म्हणजे फक्त खून आणि अपघात, असे मान्य करावे लागेल.

हा ठपका जुना आहे, आणि पूर्वी तो कोणी ठेवला हेही पाहावे. जुनिचिरो तानिझाकी यांची ‘सासामेयुकी’ १९४३ साली मासिकातून क्रमशः येऊ लागली. ओसाकाच्या एका व्यापारी घराण्यातल्या चार बहिणी, तिसरीसाठी चाललेले स्थळांचे शोध, बघण्याचे कार्यक्रम, नकार आणि आजारपणे, एवढाच तिचा ऐवज. युद्धकाळाला हे शोभत नाही म्हणून लष्करी सत्तेने ती बंद पाडली. तानिझाकी लिहीत राहिले आणि १९४८ पर्यंत कादंबरी पूर्ण झाली. बंदी घालणारी सत्ता गेली, बहिणींची ती गोष्ट आजही वाचली जाते. त्याच तानिझाकींच्या नावाचा पुरस्कार २००१ मध्ये कावाकामींच्या या कादंबरीला मिळाला.

दुसरा आक्षेप तर मराठी माणसाने घेऊच नये. सेकंड शिफ्ट सुटून रात्री उशिरा घरी आलेल्या नवऱ्यासाठी भाकरी झाकून ठेवून जागी राहणारी बाई प्रेमाचे भाषण करत नाही. तोही करत नाही. ‘जेवलीस का?’ एवढे विचारतो. आपल्या घरांतले बहुतेक प्रेम असेच, कामाच्या बोलण्यातून चालते. ते पडद्यावरच्या प्रेमापेक्षा त्सुकिकोच्या प्रेमाला जवळचे आहे.

आणि हा वाण आपल्याला नवा नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या संसाराची बरीच वर्षे याच नगरात गेली. १८९५ साली त्यांच्या पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. एवढे मोठे वादळ त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात येते ते स्वयंपाक, सोवळे, भांडणे आणि पाहुणे यांच्यामधून. तो कादंबरीचा प्रकार नव्हे, पण रोजच्या जगण्यातून जन्मभराचे नाते उभे करण्याची रीत तीच. जपानचा हायकू शिरीष पै यांनी मराठीत रुजवला, तोही इथे परका राहिला नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. संथ लिहिले म्हणजे चांगले लिहिले, असे नाही. पान काढून टाकले तरी माणसांतल्या नात्याला काही फरक पडत नसेल, तर ते लेखन पोकळच. कावाकामींचे ते अबोल्याचे प्रकरण काढून पाहा, पुढची सगळी जवळीक निराधार होते.

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर यातच आहे. ज्याचा दिवस भोंगा, बस आणि डबा यांत जातो, त्याला आपल्या दिवसाची किंमत सांगणारे पुस्तक सर्वांत आधी मिळाले पाहिजे. मोठ्या घटनांच्याच गोष्टी वाचल्या, तर आपल्या आयुष्यात सांगण्यासारखे काही नाही, अशी त्याची समजूत होते. ही समजूत खोटी आहे. म्हणून नागापूरच्या वाचकांना आणि वाचनालयांना माझी विनंती आहे: अशी पुस्तके मागवा, आणि निकाल शेवटचे पान वाचून द्या.