वाळवंटातील वणवा आणि स्वस्त चराईचा हिशेब

जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या नेवाडा राज्यात ‘मार्टिन’ नावाच्या एका वणव्यात सुमारे ४ लाख ३५ हजार एकर मुलूख जळाला. अरण्य जळाले की हळहळ व्यक्त होते. येथे जळाली ती प्रामुख्याने वाळवंटातील खुरटी, करड्या रंगाची झुडपे आणि गवत. अशा हानीची नोंद एकरांच्या आकड्यापाशीच थांबते. वस्तुतः मोजण्याची ही रीतच सदोष आहे.

वणवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीच्या उतारावरचे गवत येते. ते उन्हाळ्यात जळते आणि मृगाच्या सरींनी पुन्हा हिरवे होते. नेवाडा, युटा, आयडाहो, ओरेगॉन या राज्यांत पसरलेल्या ‘ग्रेट बेसिन’ या थंड वाळवंटाला हा अनुभव लागू पडत नाही. तेथील प्रमुख झुडूप सेजब्रश. आपल्या दवण्याचे ते भावंडच. दोन्ही आर्टेमिसिया या एकाच प्रजातीतील आणि दोन्हींच्या पानांना उग्र गंध. सेजब्रश जळाले की बुंध्यातून नवे धुमारे फुटत नाहीत. ते समूळ मरते. त्याचे बी बहुतांशी मूळ झुडपाच्या आसपासच पडते आणि मातीत फार काळ टिकत नाही. त्यामुळे मोठ्या जळिताच्या मध्यभागी ते परत यायचे तर कडेकडेने सरकत यावे लागते आणि त्यात कित्येक दशके जातात. रॅबिटब्रशसारखी काही झुडपे बुडापासून पुन्हा फुटतात, हे खरे. परंतु हिवाळ्यात जवळजवळ केवळ सेजब्रशच्या पानांवर जगणाऱ्या सेज ग्राऊस या पक्ष्याला त्यांचा उपयोग नाही.

पूर्वी येथे आग लागत नव्हती असे नव्हे. वीज पडे, पण रुक्ष भागात झुडपांमध्ये उघडी जमीन असल्याने आग सहसा दूरवर जात नसे आणि एका जागी पुन्हा आग लागेपर्यंत अनेक दशके लोटत. हे अंतर मोडले चीटग्रास या युरेशियातील गवताने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते धान्याच्या बियाण्यातील भेसळीतून या भागात आले असावे, असे मानले जाते. (आपले गाजर गवतही आयात गव्हाबरोबरच आले असे सांगतात, धान्याच्या पोत्यांची ही बाजू व्यापाराच्या ताळेबंदात कधीच येत नाही.) शरदात उगवायचे, वसंतात वाढायचे आणि जूनच्या सुमारास वाळून जायचे, हा त्याचा क्रम. झुडपांमधील मोकळी जागा भरून ते आगीला अखंड वाट करून देते. झुडपे मरतात, गवताचे बी मात्र पुरेसे उरते आणि पुढे त्याला प्रतिस्पर्धी नसतो. काही ठिकाणी दोन वणव्यांतील अंतर ३ ते ५ वर्षांवर आले. एवढ्या अवधीत सेजब्रश पुन्हा मूळ धरणे अशक्यच.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने यात का पडावे, असे कोणी विचारील. याचे कारण असे की, या गवताला दार उघडून दिले ते मुख्यतः अनिर्बंध चराईने. सार्वजनिक जमिनीवर कळप फुकट चरत. आपण राखलेले गवत दुसऱ्याची गुरे खाणार, तर राखायचे कोणी? त्यात मूळच्या बहुवर्षायू गवताचे ठोंब संपत गेले. १९३४ चा टेलर चराई कायदा येईपर्यंत चीटग्रास सर्वदूर पसरले होते. आणि सरकारी पट्टी तरी केवढी? २०२४ साली वासरासह एका गाईला केंद्र सरकारच्या जमिनीवर महिनाभर चारण्याचा दर १ डॉलर ३५ सेंट होता. वणव्याशी झुंजण्याचा आणि नंतर विमानातून बी पेरण्याचा खर्च या दरात धरलेला नाही. रुक्ष जागी ते बी पुष्कळदा उगवतही नाही. हा भार करदाता उचलतो.

पशुपालक म्हणतात, गुरे वाढवा, ती गवत खातील. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. कोवळे चीटग्रास गुरे खातात आणि रस्त्यालगत आग अडवणारे पट्टे राखण्यास त्यांचा उपयोग होतो. परंतु ओल्या वर्षी गवत इतके माजते की कळप पुरे पडत नाहीत, आणि कोरड्या वर्षी तीच गुरे उरलेसुरले ठोंब खुरटवून टाकतात. चीटग्रासला थोपवतात ते हेच ठोंब.

जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने वणव्यांपासून सेजब्रशच्या मुलखाचे रक्षण करण्यास अग्रक्रम दिला, हे स्वागतार्हच होते. पण जळालेल्या जमिनीवर गुरे परत केव्हा सोडावीत याचा सर्वसाधारण प्रघात दोन हंगामांच्या विश्रांतीचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निर्णय हंगाम मोजून न करता जमिनीवर उभे राहिलेले ठोंब आणि झुडपांची रोपे मोजून व्हावा. तोवर ज्या पशुपालकाची चराई थांबेल त्याला भरपाई द्यावी; आणि त्यासाठी लागणारा पैसा चराईची पट्टी वाढवून उभा करावा.