वाट वळविताना

रस्ता बांधावा लागतो, वाट पडते. ती कोणी एकाने आखलेली नसते. नदीवर स्नानास जाणाऱ्या आजीबाई, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली, शाळेची घंटा चुकू नये म्हणून धावणारी मुले, अशा अनेकांच्या पावलांनी ती उमटते. पुढे त्या जागी एखादी इमारत मंजूर होते. इमारतीजवळ नकाशा असतो, शिक्का असतो, सही असते. वाटेजवळ बहुधा यांपैकी काहीच नसते. मग वाट वळविली जाते. ती वळवावी की न वळवावी, हा आजच्या उज्जयिनीत केवळ चर्चेचा विषय राहिलेला नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी घाट, पूल आणि रस्ते यांची कामे जोराने चालू आहेत.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जुनी वाट जुनी आहे एवढ्याच कारणाने पवित्र ठरत नाही. १५ जुलै १९९६ रोजी, सोमवती अमावास्येस, महाकाळाच्या मंदिरात झालेल्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी हे मंदिर पुन्हा उभारले, तेव्हा आजची गर्दी त्यांच्या स्वप्नातही आली नसेल. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी रुद्रसागराच्या काठाने नऊशे मीटरांहून अधिक लांबीचा ‘महाकाल लोक’ खुला झाला आणि दर्शनार्थ्यांना चालण्यास ऐसपैस जागा मिळाली. तिची निंदा करणे मला योग्य वाटत नाही.

परंतु वर्षातून एकदा येणारा यात्रेकरू आणि रोज त्याच वाटेने जाणारा रहिवासी यांचे हित एकच नसते. यात्रेकरूस अर्धा किलोमीटर अधिक चालावे लागले तर तो ते पुण्यात जमा करील. रहिवाशाचा हिशेब निराळा आहे. अर्ध्या किलोमीटरचा वळसा म्हणजे जाऊन-येऊन एक किलोमीटर. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तीनशे किलोमीटर. आपली पंचक्रोशी ११८ किलोमीटरांची. म्हणजे एका लहानशा वळणापायी त्या आजीबाईंना दर वर्षी अडीच पंचक्रोश्या घडतात, आणि त्याही नागचंद्रेश्वराकडून बळ न मागता! नकाशावर हे वळण बोटभरही दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, कायदा आहेच की. आहे खरा. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत शेतकऱ्याच्या वाटेबद्दल तंटा झाल्यास तहसीलदाराने जागेवर चौकशी करावी आणि पूर्वापार वहिवाट व सर्वांची सोय पाहून निर्णय द्यावा, असे सांगितले आहे. गावच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दप्तरात येण्याजाण्याचे हक्क नोंदविण्याची सोयही तीत आहे. परंतु शेताच्या बांधास हे जे संरक्षण लाभले, ते शहरातील बोळास तितक्या सहजतेने मिळत नाही. नगर-विकासाच्या योजनेवर हरकती मागविल्या जातात हे खरे. पण ती जाहिरात भाजीवालीने कोठे वाचावी?

येथे इंग्लंडातील एक रीत सांगण्याजोगी आहे. तेथे मंजूर बांधकामासाठी पायवाट वळविण्याची तरतूद नगररचनेच्या १९९० च्या कायद्यात आहे. मात्र वळविल्यावाचून बांधकाम होऊच शकत नाही, हे पटले पाहिजे. तशी सूचना वृत्तपत्रात तर देतातच, शिवाय त्या वाटेच्या दोन्ही टोकांस लावतात, आणि हरकतींसाठी किमान अठ्ठावीस दिवस देतात. दोन्ही टोकांस! जो चालतो त्यालाच विचारावयाचे, ही साधी गोष्ट त्यात आहे. यास फार खर्च येतो असे नाही. एक पाटी, दोन खिळे आणि थोडा धीर एवढे पुरे.

आपल्या शहरातही असे व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक अट मी तीस जोडीन: नवी वाट चालती झाल्यावाचून जुनी बंद होऊ नये. ‘तात्पुरते’ म्हणून ठोकलेले पत्रे किती पावसाळे टिकतात, हे आपण सारे जाणतोच.

सिंहस्थाच्या क्षेत्रात कायमची बांधकामे करण्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करण्याची योजना २०२५ च्या अखेरीस शासनाने मागे घेतली. शेतकरी एकत्र येऊन बोलले, म्हणून हे घडले. पायी चालणाऱ्यांचा मात्र संघ नसतो. त्यांची नोंद दुसऱ्या कोणी तरी ठेवावयास हवी, आणि ते काम शाळेतील मुलांना सहज करता येईल. प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यातील पायवाटा एका वहीत काढाव्यात. ती कोठून निघते, कोठे पोचते, किती पावले भरते, कोण कोण तिने जाते, हे लिहावे. वडीलधाऱ्यांना विचारून ती केव्हापासूनची आहे तेही टिपावे. वर्गशिक्षकांनी सही करून एक प्रत शाळेत ठेवावी व एक महानगरपालिकेत द्यावी. उत्तरेच्या पंचांगाप्रमाणे वैशाख वद्य दशमीस, म्हणजे आपल्या घरच्या पंचांगातील चैत्र वद्य दशमीस, पंचक्रोशीचे यात्रेकरू पटणी बाजारातून निघतात. त्याच्या आधी निदान पटणी बाजार ते क्षिप्रा एवढ्या भागातील बोळांची वही पुरी व्हावी.