दोन-चार हेक्टोपास्कलांचा फरक आणि महानदी ते वैनगंगेचा पाऊस

भनपुरी (रायपूर) : रायपूरच्या वायव्येस बिलासपूर मार्गालगत वसलेल्या भनपुरीच्या औद्योगिक वसाहतीत वाऱ्याची दिशा कळण्यासाठी वातकुक्कुटाची गरज भासत नाही. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांची धुरांडी ते काम करतात. पावसाळ्यात धूर पश्चिमेकडे वळू लागला, म्हणजे वारा पूर्वेचा झाला, की कमी दाबाचे केंद्र दक्षिणेस, बस्तरच्या बाजूला आहे असे समजावे. तो पूर्वेकडे झुकला तर केंद्र उत्तरेस, सरगुजाच्या दिशेने आहे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाब डाव्या हाताला असतो, हा डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियम येथे उघड्या डोळ्यांनी पडताळता येतो.

हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, हे शालेय पुस्तकातील वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे वारा सरळ केंद्राकडे न जाता उजवीकडे वळतो आणि केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरू लागतो. जमिनीच्या घर्षणाने त्याचा वेग मंदावतो, म्हणून तो थोडा थोडा आत सरकतो. चहूकडून आत आलेल्या दमट हवेला वर चढण्यावाचून मार्ग उरत नाही. वर जाताना ती प्रसरण पावते, थंड होते आणि बाष्पाचे ढग बनतात.

यासाठी लागणारा दाबातील फरक आश्चर्य वाटावे इतका लहान असतो. समुद्रसपाटीवरील प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल धरला जातो. रायपूर सुमारे ३०० मीटर उंचीवर असल्याने तेथील दाबमापक केवळ उंचीमुळेच ३५ हेक्टोपास्कलांच्या आसपास कमी दाखवतो. म्हणून हवामान नकाशावर सर्व नोंदी समुद्रसपाटीशी जुळवून घेतल्या जातात. या नकाशावर दोन हेक्टोपास्कलांच्या अंतराने काढलेली एक समदाबरेषा बंद झाली, तर भारतीय हवामान विभाग त्यास कमी दाबाचे क्षेत्र म्हणतो. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरवर गेल्यास अवदाब, ६२ वर गेल्यास चक्रीवादळ. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर आदळलेल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रातील दाब ९१२ हेक्टोपास्कलांपर्यंत उतरला होता. छत्तीसगडच्या मैदानाला मात्र एरवी असल्या टोकाची गरज नसते. त्याचे पीकपाणी दोन-चार हेक्टोपास्कलांवरच चालते.

प्रश्न दाब किती कमी झाला एवढाच नाही. तो कुठे कमी झाला, हे अधिक मोलाचे आहे. बंगालच्या उपसागरातून वायव्येकडे सरकणाऱ्या मोसमी अवदाबाचा सर्वांत जोरदार पाऊस त्याच्या नैऋत्य भागात पडतो. केंद्र उत्तर छत्तीसगडवरून गेले की रायपूर, दुर्ग आणि पलीकडचे गोंदिया, भंडारा हे जिल्हे नेमके या पट्ट्यात येतात. मोसमी कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, तर हेच जिल्हे कोरडे राहतात. ऑगस्ट २०२३ मध्ये देशात सरासरीहून ३६ टक्के कमी पाऊस झाला. १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. छत्तीसगडी शेतकऱ्याला धानात ‘बियासी’ करण्यासाठी आणि झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याला रोवणीसाठी बांधीत पाणी साचलेले लागते. पंधरा दिवसांचा खंड दोघांनाही सारखाच महागात पडतो.

उलट अनुभव ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आला. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशावरून सरकलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस पाडला. शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून विसर्ग वाढला, गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतची गावे पाण्याखाली गेली. दाबाला राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. विसर्गाच्या सूचनांना मात्र त्या ओलांडाव्या लागतात, आणि तेथे तासांचा हिशेब असतो.

म्हणूनच ‘कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले’ एवढी बातमी नागरिकांच्या फारशी उपयोगाची नाही. केंद्र कुठे आहे आणि कोणत्या दिशेने निघाले आहे, हे सांगितल्यास ती उपयोगी ठरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झाली. पूर्वीच्या १२ किलोमीटरऐवजी ती सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. केंद्राचा मार्ग शंभर किलोमीटर उत्तरेस की दक्षिणेस, यावर खरीप अवलंबून असलेल्या प्रदेशात ही सुधारणा किरकोळ म्हणता येणार नाही.

हिवाळ्यात भनपुरीतील चित्र पालटते. मध्य भारतावर जास्त दाब स्थिरावतो, समदाबरेषा एकमेकींपासून दूर जातात आणि वारा जवळजवळ थांबतो. वरून खाली बसणारी हवा आणि रात्री लवकर थंड होणारी जमीन यांमुळे उबदार थर वर आणि गार थर खाली, अशी उलटी रचना तयार होते. धुरांड्यांतून निघालेला धूर या झाकणाखाली अडकतो. जी काही झुळूक असते ती बहुधा उत्तरेकडची. भनपुरी, उरला आणि सिलतरा या वसाहती शहराच्या उत्तर अंगाला असल्याने धूळ आणि काजळी वस्त्यांकडेच येते. पावसाळ्यातील नैऋत्य वारा तीच धूळ शहरापासून दूर नेतो. कारखान्यांतून बाहेर पडणारे प्रदूषण दोन्ही ऋतूंत तेवढेच राहिले, तरी जानेवारीतील पहाटेची हवा जुलैपेक्षा कितीतरी वाईट असते. उत्सर्जनाची मर्यादा मात्र बारा महिने एकच. मंद वाऱ्याचा अंदाज दोन-तीन दिवस आधी मिळू शकतो, तेव्हा त्या दिवसांपुरते उत्पादनाचे वेळापत्रक बदलणे किंवा धूळ नियंत्रणाची तपासणी रात्रीही करणे अशक्य नाही.