धाराशिवच्या बायकांचं देणं

दिवाळीच्या आठवड्यात परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड-जिंतूर भागातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरायला लागतात. पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, पोत्यात बांधलेली भांडी, कोयते, आणि या सगळ्यावर बसलेली पोरं. काही टोळ्या लक्ष्मीपूजन घरी करून निघतात, काहींची दिवाळी वाटेतच होते. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम ऊसतोडीसाठी कारखान्याच्या फडावर. त्या ट्रॉलीतल्या बायकांपैकी कितीजणी एखादं दुखणं अंगावर काढत निघाल्या आहेत, याची नोंद कुठल्याच वहीत नसते. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, दोन पाळ्यांच्या मध्येच लाल दिसतं. पण उचल घेतलेली असते. खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो.

'अंगावर काढणं' हा शब्द मी पहिल्यांदा माझ्या मोठ्या मावशीच्या तोंडून ऐकला. सेलूकडच्या एका खेड्यात तिचं घर होतं. दोन वर्षं तिनं अंगावर काढलं. दाखवायला नेलं तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर पुढं गेलेला होता. देवगिरी एक्स्प्रेसनं तिला मुंबईच्या 'टाटा'ला नेलं, आणलं, पुन्हा नेलं. शेवटचे चार महिने ती घरीच होती. कुणी भेटायला आलं की ती म्हणायची, 'दार लोटून घ्या.' वेदनेपेक्षाही तिला वासाची लाज वाटायची. आयुष्यभर अंगण शेणानं सारवून लख्ख ठेवणारी बाई ती. या वर्षीच्या दिवाळी अंकाचा विषय ठरवायला बसलो तेव्हा ते लोटलेलं दार माझ्या डोळ्यांपुढं होतं.

गंभीर आजारांवरचं संशोधन म्हटलं की आपल्या मनात दूरची शहरं आणि काचेच्या प्रयोगशाळा येतात. मावशीच्या या आजाराबाबत मात्र जगाला जे कळलं, त्यातला फार मोठा वाटा आपल्या मराठवाड्यातल्याच एका जिल्ह्यातून गेला आहे, आणि हे आपल्याच लोकांना माहीत नाही.

गोष्ट बार्शीपासून सुरू होते. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण तिच्या वेशीबाहेर पडलं की मराठवाडा लागतो. तिथं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत कुणाला कुठला कॅन्सर झाला, कोणत्या टप्प्यावर कळला, पुढं काय झालं, हे लिहून ठेवायचं काम. खेड्यातला माणूस आपण होऊन रुग्णालयाच्या वहीत येत नाही. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, पारावर, ओट्यावर बसत, कॅन्सरची लक्षणं सांगत आणि कुणाला तसला त्रास आहे का ते विचारत. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षांनी या नोंदी तपासल्या, तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर त्या गावांत आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागल्याचं दिसलं. नवं यंत्र आलं नव्हतं, नवं औषध आलं नव्हतं. कुणीतरी ओट्यावर बसून बोललं होतं. १९९५ साली हा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. मला तो मोठमोठ्या शोधांच्या बरोबरीचा वाटतो.

याच पायावर पुढचं मोठं काम उभं राहिलं. ऑक्टोबर १९९९मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक चाचणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था हे तिघं त्यात होते. डॉ. आर. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने ही त्यातली प्रमुख नावं. गावांचे ५२ गट केले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात आल्या. कुठल्या गटाला कोणती तपासणी, हे सोडतीनं ठरलं. एका भागात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या भागात यातली कुठलीच तपासणी करायची नाही. तिथल्या बायकांना फक्त माहिती द्यायची आणि नेहमीचे दवाखाने आहेतच.

आठ वर्षांनी हिशेब मांडला. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांतल्या ३४ या कॅन्सरनं गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ बायका होत्या, त्यांतल्या ६४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीनं मरण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. बाकीच्या दोन पद्धतींत एवढा ठळक फरक दिसला नाही. एप्रिल २००९मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'नं हे छापलं, आणि या कॅन्सरच्या तपासणीची जगभरची चर्चा एचपीव्हीकडं वळली. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की २०३०पर्यंत शंभरातल्या सत्तर बायकांची अशी खात्रीची तपासणी पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा व्हावी. ज्या पुराव्यांवर हे सांगणं उभं आहे, त्यांत धाराशिवच्या बायका आहेत.

परभणीच्या माणसाला चाचणी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडं कृषी विद्यापीठ आहे. 'परभणी क्रांती' भेंडीपासून 'परभणी शक्ती' ज्वारीपर्यंतची वाणं आपण पाहिली आहेत. नवं बियाणं खरोखर चांगलं की यंदा पाऊसच चांगला, हे कळायला शेजारी जुन्या वाणाचा पट्टा पेरावा लागतो. फवारणीचा गुण पाहायचा तर एक पट्टा बिनफवारणीचा सोडावा लागतो. नाहीतर जो तो आपल्याच औषधाचं कौतुक सांगत सुटेल.

पण बाई म्हणजे वाफा नव्हे. त्या ६४ जणी माझ्या मनातून जात नाहीत. या चाचणीवर आणि देशात झालेल्या अशाच इतर चाचण्यांवर पुढं कडक टीका झाली. तपासणीचा उपयोग जगात इतरत्र माहीत असताना हजारो बायकांचा गट बिनतपासणीचा कसा ठेवला, असा प्रश्न देशातून आणि बाहेरून विचारला गेला. उत्तर आलं की त्या काळी गावागावांत तपासणीची सरकारी सोयच नव्हती, त्यांचं आम्ही काही काढून घेतलं नाही, आणि आकडे हाती आल्याशिवाय सोय झालीही नसती. दोन्ही बाजू मी पुन्हा पुन्हा वाचल्या. संशोधकांना मी खलनायक मानत नाही. पण चौथ्या भागातल्या त्या ३१,४८८ बायकांनी जगाला जे दिलं, त्याला दान म्हणायचं तर दात्याला आधी सगळं समजलेलं असावं लागतं. आणि दान नसेल तर ते कर्ज आहे. ते फेडायचं कुणी, हा प्रश्न धाराशिवपुरता उरत नाही.

दुसरी हकिगत त्याहून विलक्षण आहे. सप्टेंबर २००९मध्ये याच विषाणूवरच्या लसीचा एक अभ्यास देशात नऊ ठिकाणी सुरू झाला. त्यात बार्शी होती, पुणं होतं, मुंबई होती. दहा ते अठरा वर्षांच्या मुलींना तीन डोस पुरेत की दोन, हे पाहायचं होतं. तेवढ्यात तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात चाललेल्या एका वेगळ्याच लस प्रकल्पावरून वादळ उठलं. काही मुलींचे मृत्यू झाले होते. त्यांचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं उघड झालं. हा दोष मोठा होता, आणि संसदीय समितीनं २०१३ साली त्यावर कठोर शब्दांत लिहिलं. या गदारोळात एप्रिल २०१०मध्ये नऊ ठिकाणच्या या अभ्यासातलं लसीकरणही थांबवावं लागलं. हजारो मुलींचे पुढचे डोस राहूनच गेले.

संशोधकांनी मात्र त्या मुलींची वाट सोडली नाही. वर्षानुवर्षं त्यांची विचारपूस चालू ठेवली, लग्न होऊन सासरी गेलेल्यांचाही माग काढला. एकच डोस मिळालेल्या ४,९४९ मुली होत्या. २०२१ साली निष्कर्ष आला की दहा वर्षांनंतरही या एका डोसचं संरक्षण तीन डोसांच्या तोडीचं आहे. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असा सल्ला दिला, आणि तीन डोसांचा खर्च न पेलणाऱ्या देशांना वाट मोकळी झाली. मोडलेल्या अभ्यासातून एवढं हाती लागलं, कारण बार्शीसारख्या ठिकाणी कुणीतरी दर वर्षी त्या पोरींचं दार वाजवत राहिलं.

मावशीच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. आणि तिला आणखी एक गोष्ट मिळाली नाही, ती म्हणजे सुसह्य शेवट. आजार बरा करण्याच्या संशोधनाला मान आहे, त्रास कमी करण्याच्या संशोधनाला तेवढा नाही. २०२४च्या सुरुवातीला टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास छापून आला. केमोच्या उलट्या थांबवायला ओलान्झापीन नावाची गोळी देतात. ती मुळात मानसिक आजारावरची, स्वस्त आणि जुनी. दहा मिलिग्रॅमची गोळी घेतली की उलट्या थांबतात, पण अनेकजण दिवसभर गुंगीत पडून राहतात. डॉक्टरांनी सुमारे पावणेतीनशे रुग्णांत निम्म्यांना नेहमीचे दहा आणि निम्म्यांना अडीच मिलिग्रॅम देऊन पाहिलं. उलट्या तेवढ्याच आटोक्यात राहिल्या, आणि जड गुंगी दहांतल्या चौघांऐवजी विसांतल्या एकालाच आली. केमो घेऊन रात्रीच्या गाडीनं परभणीला परतणाऱ्या बाईसाठी याचा अर्थ एवढाच, की मनमाडला गाडी थांबली तर ती उठून बसू शकेल, चहा घेऊ शकेल, तो पोटात राहील. नवं औषध न शोधता, डोस पाव हिश्शावर आणून हे साधलं.

मॉर्फीनची गोष्ट याच्या उलट आहे. कॅन्सरच्या वेदनेवर ते किती चालतं हे जगाला कधीपासून माहीत आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं ते इतकं अडकवलं की दुकानदार ठेवायलाच धजेनात. २०१४ साली कायदा सैल झाला, भीती मात्र सैल झाली नाही.

आणि माहिती पोचत नाही तिथं नुसती भीती पोचते. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल,' असं आपल्याला सांगितल्याचं अनेकींनी बोलून दाखवलं. शेजारच्याच धाराशिवात जगाला मार्ग दाखवणाऱ्या तपासणीचे आकडे छापून येऊन दहा वर्षं झाली होती, आणि या जिल्ह्यात विनातपासणी ऑपरेशनं चालू होती. हे लिहिताना माझा हात जड होतो. परभणीतून फडावर जाणाऱ्या बायका वेगळ्या नाहीत, आणि त्यांची तर एवढी मोजदादही आमच्या पाहण्यात नाही. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं शिकणाऱ्या मुलामुलींकडून माझी पहिली अपेक्षा या मोजदादीची आहे.

या अंकात कथा, कविता, प्रवासवर्णनं नेहमीसारखी आहेतच. फक्त शेवटचं पान वेगळं आहे. ते एकाच बाजूनं, मोठ्या अक्षरांत छापलं आहे. कोणती लक्षणं अंगावर काढायची नाहीत, एचपीव्हीची तपासणी म्हणजे काय, ती कितीदा करायची, लस कुणासाठी, आणि पिशवी काढण्याआधी डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे, एवढंच त्यावर आहे. पान शिवणीपासून सहज फाटेल असं बांधायला छापखान्याला सांगितलं आहे. अंक खराब होईल म्हणून जपू नका. फाडा, आणि किराणा दुकानाच्या भिंतीवर, गिरणीत, अंगणवाडीच्या दारावर लावा. ट्रॉल्या अजून निघायच्या आहेत. एखादी तुमच्या गावातून जाणार असेल, तर त्यांच्यातल्या वाचता येणाऱ्या एखाद्या पोरीच्या हातात ते द्या, आणि वाटेत मोठ्यानं वाचून दाखव म्हणावं.