आरोग्यविचार : खांद्याचा वाजणारा फरा

माजलगांवच्या एका भगिनींनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, हात वर नेतांना पाठींत ‘कट्’ असें वाजून कळ येते. हाड तर निखळलें नाहीं ना?

बहुधा नाहीं. खांद्याचा फरा बरगड्यांना जखडलेला नसून स्नायूंच्या आधारें त्यांवरून सरकत असतो. मधल्या द्रवाच्या पिशव्या सुजल्या, स्नायू दुबळे झाले, अथवा हाडावर गांठ वाढली, म्हणजे घर्षण होतें. विकार नवा नाहीं; ब्वाने ह्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १८६७ सालींच त्याचें वर्णन केलें.

नुसता आवाज हा रोग नव्हे. सोबत कळ असेल तर तपासणी करावी. डॉक्टर फऱ्यावर हात ठेवून बाहू फिरवून पाहतात. गांठ क्ष-किरणांनीं, जरूर तर सीटी स्कॅननें कळते. दुखऱ्या जागीं बधिर करणारें औषध टोंचतांच कळ थांबली, तर मूळ तेथेंच असें समजावें.

हात उंच नेण्याचीं कामें कांहीं आठवडे टाळावीं, ताठ बसावें, आणि भिंतीस तळहात टेंकून रेटण्यासारखे व्यायाम तज्ज्ञाकडून शिकून नेटानें कांहीं महिने करावे. पुष्कळांस एवढ्यानें गुण येतो. न आल्यास, वा गांठ त्रास देत असल्यास, शस्त्रक्रियेचा विचार होतो. मालीशवाल्याकडून खांदा ओढवून घेऊं नये.

माजलगांवाकडून ऊसतोडीस जाणाऱ्या बाईस मात्र ‘विश्रांति घे’ म्हणणें सोपें नाहीं. तिची मजुरी टनावर ठरते, आणि मोळी डोक्यावरूनच न्यावी लागते. अशा बाईची ही तक्रार कानीं आली, तर ‘कष्टाचें अंग दुखायचेंच’ म्हणून ती टाळूं नये, तिला दवाखान्यांत धाडावें, एवढी आमची विनंति आहे.